खालच्या कोपऱ्यावरची टकटक

भुताखेतांवर चित्रलेखाचा विश्वास नव्हता. बार्शीला शेजारच्या काकू अमावास्येला दारात लिंबू-मिरची बांधायच्या, तेव्हा ही तोंडावर हसायची. त्यामुळे नवरा गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात भल्या पहाटे त्याच्या यूटचा, मागे उघडा हौदा असलेल्या त्या गाडीचा, आवाज ऐकू आला, तेव्हा ती घाबरली नाही, चिडली. यूट दारात उभी, टपावर गोठलेल्या दवाचा, हिमाचा पांढरा थर, किल्ली हिच्या कपाटात. आणि आवाज तर दारातून येतच नव्हता. तो यायचा खालून, रस्ता उतरून ओव्हलच्या मैदानापाशी वळतो त्या कोपऱ्यावरून. टक टक टक टक, लोखंडावर लोखंड. मग हळूहळू मऊ व्हायचा आणि विरून जायचा.

आता भूत असलंच, तर त्यानं निदान दारात तरी यावं की नाही? इतकी वर्षं इथे राहिला, इथे जेवला, आणि आता लांब मैदानावर उभा राहून बायकोला आवाज देतोय. नरेंद्रचं सगळंच तसलं होतं म्हणा. सरळ काही करेल तर शपथ.

ही दोघं आली ती दोन हजार आठ साली. तेव्हा इकडे यायला विमानं भरभरून पोरं निघत होती. पुण्याच्या एजंटानं सांगितलं, केस कापायचा कोर्स करा, पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, झटकन मिळेल. म्हणजे बीकॉम झालेली चित्रलेखा, जिनं जन्मात दुसऱ्याची वेणी घातली नव्हती, ती सिडनीला हेअरड्रेसिंग शिकणार आणि नरेंद्र तिच्या व्हिसावर नवरा म्हणून येणार. सोलापूरच्या नातेवाइकांनी त्याला काय काय ऐकवलं ते विचारू नका. बायकोचा पदर धरून परदेशी निघाला, हे त्यातल्या त्यात सभ्य. नरेंद्र हसायचा आणि म्हणायचा, पदर घट्ट आहे, फाटत नाही.

ब्लॅकटाउनला एका घरात अर्धा डझन पोरांबरोबर राहिले. पॅरामॅटाला एका दुकानाच्या माडीवर हिचं कॉलेज होतं. एका सकाळी ही गेली तर दाराला कुलूप, जिन्यावर पंजाबी, नेपाळी, मराठी मुली रडत बसलेल्या. कॉलेज बुडालं होतं. त्या दिवशी संध्याकाळी नरेंद्रनं तिला स्टेशनवर चहा पाजला आणि मग म्हणाला, "बरं झालं. तू कापलेले केस मला बघवले नसते." असा माणूस. पुढे कॅनबेराला आले, ही बालवाडीत लागली, पीआर झालं, गुंगालिनला उतारावरच्या गल्लीत घर झालं. नरेंद्रनं गवत कापायचं आणि कुंपणं घालायचं काम धरलं आणि एक जुनी डिझेलची यूट घेतली. पुढे दोन माणसं बसतील एवढी केबिन, मागे उघडा हौदा, त्यात फावडी, खांब, गवताच्या मशिनी. मूलबाळ नव्हतं. त्या यूटचेच लाड व्हायचे.

लाड म्हणजे तेल. नरेंद्रच्या वडिलांचं सोलापूरला अक्कलकोट रोडवर ट्रकचं गॅरेज होतं, आणि त्या घराण्यात एकच धर्म होता: इंजिनात तेल जाड पाहिजे. बोटावर घेतलं तर ओघळता कामा नये. सोलापूरच्या वैशाखात, डांबर वितळतं तिथे, ते बरोबरच होतं. पातळ तेल तिथल्या उन्हात पाणी होऊन जातं. पण कॅनबेराच्या जुलैत पहाटे नळाचं पाणी गोठतं. तिथे ते जाड तेल इंजिनाच्या तळाला काकवीसारखं घट्ट बसून राहायचं. किल्ली फिरवली की वरचे भाग कोरडेच फिरायचे, एकमेकांवर आपटायचे, तेल चढून येईपर्यंत सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी टकटक चालायची. मिचेलला ज्याचं गॅरेज आहे तो विवेक, नरेंद्रचा ब्लॅकटाउनपासूनचा दोस्त, दर सर्व्हिसला सांगायचा, अरे, इथे थंडीचं पातळ तेल घालतात, डब्यावर लिहिलेलं असतं. पालथ्या घड्यावर पाणी. "माझ्या बापानं चाळीस वर्षं ट्रक चालवले या तेलावर," की संपलं.

चित्रलेखाची सकाळ मात्र त्या टकटकीवर चालायची, हे कबूल करायला पाहिजे. स्वयंपाकघर घराच्या एका अंगाला, खिडकी ओव्हलच्या बाजूला. गाडी लावायची जागा दुसऱ्या अंगाला, तिथून काही दिसत नाही. वर धूर ओढणारा पंखा चालू, तव्यावर पोळी. बाहेर टकटक सुरू झाली की ही शेवटची पोळी डब्यात टाकायची, लोणच्याची फोड ठेवायची, झाकण लावायची, आणि इंजिन शांत होता होता यूटच्या काचेशी पोचायची. तो काच खाली करायचा, डबा घ्यायचा आणि रोज एकच वाक्य बोलायचा, "आज काय, विष?" ही म्हणायची, "उद्या देते." मग तो जायचा. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर प्रेम याहून वेगळं दिसत नाही.

पण आवाजाचा तिला त्रासही व्हायचा. शेजारचा म्हातारा केव्हिन भला माणूस, तरी एकदा कुंपणावरून हसत म्हणाला, तुमच्या यूटला दमा झालाय का. हिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गल्लीत आपण एकटेच देशी, आणि पहाटे सगळ्यांना उठवणारेही आपणच. घरात येऊन ती नरेंद्रवर तुटून पडली. तेल बदल, नाहीतर ती गाडी विक. उद्यापासून मला दारात तो आवाज नको. तुझ्या बापाचं सोलापूर सोलापुरात ठेव.

गोष्ट बापावर गेली. त्या शनिवारी नरेंद्र यूट घेऊन विवेककडे गेला, संध्याकाळी परत आला, आणि किल्ली टेबलावर टाकून म्हणाला, "घे. बदललं." पुढच्या सकाळपासून टकटक बंद. ही आंघोळ करून स्वयंपाकघरात यायची, पोळ्या व्हायच्या, आणि डबा घेऊन बाहेर जावं तर यूट मांजरासारखी गुरगुरत उभी. "बघ, झालं ना," ती म्हणायची. तो म्हणायचा, "तुझं ऐकलं की सगळं होतं." जिंकल्याचा आनंद तिला फार झाला. तिनं केव्हिनलाही सांगितलं.

एक गैरसोय होती. आता बाहेर केव्हा जायचं ते कळत नव्हतं.

त्या सकाळी उणे सहा होतं. पंखा चालू होता, बार्शीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. कान बाहेर होता तिचा, जुन्या सवयीनं टकटकीची वाट बघत होता. टकटक आली नाही म्हणून ती समजली, नरेंद्र अजून काचेवरचं हिम खरवडतोय. बहिणीशी भाच्याच्या ॲडमिशनबद्दल बोलून झालं, आईच्या गुडघ्यांबद्दल बोलून झालं. मग डबा उचलून बाहेर गेली. यूट चालू होती. केबिनमध्ये हीटर चालू होता. नरेंद्र स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला होता. तिला वाटलं चेष्टा करतोय. तिनं काचेवर डब्यानं टकटक केली.

हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. आधी कळलं असतं तर वाचला असता का, या प्रश्नाला त्यांनी फार सभ्य उत्तर दिलं, म्हणजे उत्तर दिलं नाही.

चित्रलेखानं ते उत्तर स्वतःच स्वतःला दिलं. आवाज असता तर मी वेळेवर बाहेर गेले असते. तो आवाज मी बंद करवला. हे ती कोणाला बोलली नाही, पण रोज स्वतःला म्हणायची, पोळ्या लाटताना म्हणायची. तेराव्यानंतर तिनं यूट विवेककडे पाठवली आणि निरोप दिला, पहिलं जाड तेल परत घाल. विवेकनं एक शब्द विचारला नाही. यूट परत आली आणि दर रविवारी सकाळी चित्रलेखा केबिनमध्ये बसून ती सुरू करायला लागली. टकटक व्हायची, धाडधाड आपटायचं ते इंजिन, आणि ही डोळे मिटून ऐकत बसायची. केव्हिन आता काही म्हणत नसे. दीर सोलापूरहून म्हणाले, विकून टाका वहिनी, नुसती गंजतेय. ही म्हणाली, बघू.

आणि मग ते दुसरं. रविवार सोडून, हिम पडलेल्या पहाटे, लांबून, ओव्हलच्या कोपऱ्यावरून येणारं. आंघोळीच्या पाण्याखाली असताना ते जास्त स्पष्ट ऐकू यायचं. नळ बंद करावा तर गायब. तिनं डॉक्टरला कान दाखवले. कान ठणठणीत होते. तिला भीती वाटायची ती आवाजाची नाही, तो लांबून का येतो याची. रागावलाय, घरी यायचं नाही त्याला, असंच तिच्या मनानं घेतलं. आणि रागावणार नाही तर काय.

मध्ये कोविड आला, गेला, आणि पोरांचा नवा लोंढा आला. कॅनबेरात खोली मिळेना. बालवाडीतल्या लीनाच्या ओळखीनं मयूरा नावाची नाशिकची मुलगी दोन बॅगा घेऊन दारात उभी राहिली. युनिव्हर्सिटीत नर्सिंग शिकायची आणि पहाटे वृद्धाश्रमात शिफ्टला जायची. पहिल्या दिवशी "काकू" म्हणाली. चित्रलेखा म्हणाली, काकू म्हणालीस तर भाडं वाढेल. तेव्हापासून ताई.

घरात माणूस आलं की घर हलतं. मयूराला शिफ्टच्या वेळी ना ट्राम मिळे ना बस. एक दिवस तिनं भीतभीत विचारलं, "ताई, ती यूट मी चालवली तर चालेल का? डिझेल मी भरेन." चित्रलेखाच्या तोंडावर नाही आलं होतं. पण पहाटेच्या काळोखात ती मुलगी उबर शोधत फुटपाथवर कुडकुडताना दिसायची, आणि नाही म्हणायला जीभ वळेना. "आधी विवेकला दाखवून आणू," ती म्हणाली.

मिचेलला विवेकनं बॉनेट उघडलं, थंड इंजिन सुरू केलं, कान देऊन ऐकलं आणि बंद केलं. विवेक फार बोलणारा नव्हे. हात पुसत म्हणाला, "वहिनी, रोज चालवायची असेल तर हे तेल काढावं लागेल. हा जो आवाज आहे ना, तो इंजिन झिजल्याचा आहे. दर थंड सकाळी थोडं थोडं. एक दिवस अर्ध्या रस्त्यात जाम होईल, आणि आत ही पोरगी असेल."

चित्रलेखानं यूटच्या दारावर हात ठेवला. आवाज ठेवला तर यूट जाणार, यूट ठेवली तर आवाज. तिच्याकडे नरेंद्रचं एवढंच उरलं होतं, आणि त्यातलंही एकच निवड म्हणतायत. मग साठून राहिलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "एकदा काढलं होतं ना हे तेल माझ्या हट्टापायी. आवाज बंद केला आणि माणूस गेला. मला कळलंच नाही तो बाहेर बसलाय ते. आता पुन्हा तेच कर म्हणतोस?"

विवेकनं मयूराकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "वहिनी," तो म्हणाला, "त्या वेळी तेल बदललंच नव्हतं."

"म्हणजे?"

"पातळ तेलाचा डबा मी समोर ठेवला होता. तो हात लावू देईना. म्हणाला, बाप वर बसून शिव्या देईल. मी म्हटलं, पण वहिनींना आवाज नकोय, मग? तर म्हणाला, त्याला युक्ती आहे. चित्रा आंघोळीला गेली की हँडब्रेक सोडायचा, थोडी ढकलायची, उतार आहेच. इंजिन बंद ठेवून खाली ओव्हलच्या कोपऱ्यापर्यंत नेतो. तिथे सुरू करतो. काय बोंबलायचं ते तिथे बोंबलून घेते, गरम झाली की वर आणून दारात लावतो. मी म्हटलं, वेडा आहेस का, इंजिन बंद असलं की ब्रेक लागत नाहीत धड. तर हसायला लागला. तिला सांगू नको म्हणाला, जिंकल्यासारखं वाटेल तिला, वाटू दे."

मयूरा पुढे येऊन ताईचा हात धरायला लागली. ताईनं तो सोडवून घेतला. कुठल्या कोपऱ्यावर, असं तिनं विचारलं नाही. तिला ठाऊक होता कोपरा. तीन हिवाळे ऐकत होती ती.

अंगावर काटा आला तो आता, भर दुपारी, गॅरेजमध्ये. जे तिला कोणी सांगितलं नव्हतं, ते तिच्या कानांना कसं माहीत होतं? त्या दिवसांत आंघोळ करताना लांबून कधी ऐकलं असेल, नकळत, असं ती पुढे मनाला समजावत राहिली. पूर्ण समजूत कधी पटली नाही.

आणि त्यामागून दुसरं आलं, ते जास्त वाईट. उणे सहामध्ये, रोज, तो दोन टनांची गाडी ढकलत होता. माझ्या शब्दाखातर. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही असला हट्टी माणूस, स्वतःचा हट्ट सोडेना आणि बायकोचाही मोडवेना, म्हणून काळोखात यूटला खांदा लावत होता. त्यानंच गेला का? कोणाला विचारणार. इतकी वर्षं ज्या प्रश्नाशी झगडत होती तो खोटा निघाला आणि त्याच्या जागी खरा येऊन बसला.

"विवेक," ती म्हणाली, "घाल पातळ तेल. आत्ता घाल. मी इथेच उभी राहते." आणि जुनं काळं तेल खालच्या भांड्यात पडेपर्यंत ती उभी राहिली. रडली ती परतताना, केबिनमध्ये. मयूरा गाडी चालवत होती आणि ही खिडकीकडे तोंड करून नरेंद्रला शिव्या देत होती. खोटारडा. नाटकी. चांगलं तोंडावर भांडायला काय झालं होतं.

दोन दिवस ढग होते, हिम पडलं नाही. तिसऱ्या पहाटे आभाळ स्वच्छ, गवत पांढरंफेक. चित्रलेखा आंघोळीला गेली आणि पाणी अंगावर पडताच आवाज आला. टक टक टक टक. खालून.

तिनं नळ बंद केला. साडी-बिडी नव्हे, हाताला लागेल ते गरम कपडे चढवले, ओल्या केसांवर टोपी ओढली. यूट दारात होती, हिमानं झाकलेली. मयूरा स्वयंपाकघरात चहा टाकत होती. "ताई, कुठे?" तिनं विचारलं. "आले," म्हणून ही उतार उतरायला लागली.

कोपऱ्यावर कोणी नव्हतं. मैदान, गोलपोस्ट, बंद दिवा. आवाजही नव्हता. श्वासाची वाफ तेवढी. तिनं वळून वर पाहिलं आणि जागच्या जागी थांबली. एवढ्या काळोख्या गल्लीत एकच खिडकी उजळली होती, तिच्या स्वयंपाकघराची. आतून बाहेरचं काही दिसत नाही, काचेत आपलंच तोंड दिसतं. पण इथून सगळं लख्ख दिसत होतं. मयूरा कपात चहा गाळत होती, मान वाकडी करून फुंकर घालत होती. म्हणजे तो रोज इथे बसून बघायचा. दिवा लागला, चित्रा आली, पोळपाट मांडला. मग गाडी वर न्यायचा. इतकी वर्षं तिला वाटत होतं की तो रागावून लांब थांबतो.

मग घरात बोलायची त्याच आवाजात ती रिकाम्या रस्त्याला म्हणाली, "नरेंद्र, तेल बदललंय. खरंच बदललंय, मी उभी राहून बदलवून घेतलं. आता आवाज होत नाही. दारातच सुरू करत जा. ढकलू नकोस."

पानसुद्धा हललं नाही. ती चढ चढून घरी आली. मयूरानं चहा दिला, किल्ली घेतली आणि शिफ्टला गेली. यूट सुरू झालेली स्वयंपाकघरात कळलीसुद्धा नाही.

त्यानंतर कोपऱ्यावरची टकटक थांबली. दुसऱ्या हिमाला नाही, तिसऱ्याला नाही. चित्रलेखा नळाखाली उभी राहून कान लावायची, फक्त पाणी. सुटले म्हणावं की नाही, तिला ठरवता येईना. मग एका सकाळी, मयूराची सुट्टी होती, ती झोपलेली होती, चित्रलेखा तव्यावरची शेवटची पोळी काढता काढता थांबली. तो दारात आला असेल, तर आवाज येणारच नाही. तसं तिनंच तर करून घेतलं होतं. आलाय की नाही, ते इथून कळायचा मार्ग नव्हता.

तिनं पंखा बंद केला. पोळी डब्यात घातली, लोणच्याची फोड ठेवली, झाकण लावलं, आणि डबा घेऊन बघायला बाहेर गेली.